जोत्यातली बरडी

मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की आधी पायरीवर बसायचा. चपला काढायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि उजव्या हाताचा पंजा ताणून जमिनीपासून उंबरठ्यापर्यंत वीत टाकत जायचा. एक, दोन, अडीच. घरातून चहा येईपर्यंत त्याचं मोजून झालेलं असायचं. मग कप हातात घेताघेता तो ते माप घरमालकाच्या तोंडावर फेकायचा. "अडीच वीत. कमी हाय बाप्पा."

तेव्हापासून त्या घरमालकाचं नाव तेच. मी ग्रामपंचायतीतला कारकून. सारं गाव मला बाबू म्हणतं, सरपंचसुद्धा. हा मात्र ऑफिसच्या दारात उभा राहून, चार माणसं बसलेली असताना, खुशाल विचारायचा, "काय अडीच वीत, ग्रामसेवक आले का?" मला राग यायचा. पुढे मी घर वाढवलं, जोतं पाच विती झालं, तेव्हा त्याला म्हटलं, आता तरी नाव बदल. तर म्हणतो कसा, "जोतं वाढलं. तू कोठी वाढला?"

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. हातात कसब, जिभेला हाड नाही, आणि राग धरावा तर दुसऱ्या दिवशी आपल्याच ओट्यावर बसून आपल्याच कपातून चहा पिताना दिसतो. त्याच्यावर रागावून मला तरी काही साधता आलं नाही.

माणसाची किंमत तो जोत्यावरून करायचा. नांदगाव खंडेश्वरकडचे एक पाहुणे गावात मुलगा पाहायला आले होते. चौकात त्यांनी यालाच गाठलं आणि विचारलं, पोरगा कसा आहे हो? मिस्त्रीनं जरा विचार केला. "पोराचं मले मालूम नाई. जोतं चार वीत हाय. तुमची पोरगी भिजनार नाई." लग्न जमलं. त्या मुलीला आता दोन मुलं आहेत आणि ती अजून सासरच्या माणसांना हा किस्सा ऐकवते.

त्याचं स्वतःचं घर आमच्या घरांच्या ओळीत सगळ्यात शेवटचं. मातीच्या भिंती, वर टिनं, जोतं सव्वा वीत. आत फक्त एक फळी चांगली उंच ठोकलेली, तिच्यावर पोरीची पुस्तकं आणि घरातले कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले. त्याची बायको, आम्ही तिला मावशी म्हणायचो, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्याला धारेवर धरायची. "साऱ्या गावाचं वर केलं, माह्यंच काहून खाली राह्यलं?" तो थापी धुता धुता म्हणायचा, "करू ना. दिवाळी तं होऊ दे." कितव्या दिवाळीची गोष्ट आहे, हे मावशीनं विचारणं सोडून दिलं होतं.

आमचं गाव वलगावच्या पलीकडे. नदीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गाव कळेल, आणि अजून काही कागद चालू आहेत. नदी गावाजवळ येऊन वळते, आणि त्या वळणावरच आमची ओळ आहे. अर्धी घरं माळ्यांची, मेथी, पालक, गिलके, झेंडू पिकवून अमरावतीच्या बाजारात नेणाऱ्यांची. माझं घर त्यातलं. अर्धी बौद्धांची, त्यात मजुरीवर जाणारे, दोन मास्तर, एक एसटीतला कंडक्टर आणि हा मिस्त्री. सकाळी जयभीम, रामराम होत होतं, संध्याकाळी नळावर भांडणं होत होती. चार गावांत असतं तसंच.

ओळ आणि नदी यांच्या मध्ये बरडी होती. गोटा, मुरूम आणि रेतीचा लांबट उंचवटा, दोन पुरुष उंच, वर बाभळी आणि तरवड. तिथं काही पिकत नव्हतं, म्हणून ती कोणाच्या मालकीची नव्हती. बकऱ्या चरायच्या, बाया काड्या वेचायच्या. पावसाळ्यात नदी फुगली की सरळ आमच्या अंगावर यायची, बरडीला धडकायची आणि वळून निघून जायची. आम्ही ओट्यावर बसून शेंगा खात ते पाहायचो. बरडी आपलं राखण करते असं कधी कोणी बोललं नाही. ती तिथं होती, एवढंच.

मग एका वर्षी पाणी भलतीकडून आलं. वरचा नाला तुंबला आणि ते गावाच्या मागच्या बाजूनं घुसलं. गुडघ्यापर्यंत पाणी घरात. गव्हाची पोती भिजली, गाद्या भिजल्या, माझ्या शेजारच्या काकूची भाजीची टोपली तरंगत शाळेच्या गेटपर्यंत गेली. ही काकू म्हणजे आमच्या ओळीचं वर्तमानपत्र. पहाटेच्या गाडीनं भाजी घेऊन अमरावतीला जाणार, दुपारी परत येणार, आणि मग संध्याकाळपर्यंत ओळीतल्या प्रत्येकाला त्याची चूक समजावून सांगणार. पाणी उतरल्यावर गाळ उपसता उपसता तीच पहिल्यांदा म्हणाली, "घरं वर घ्या रे बाबू. नाई तं आपन बेंडके झालो." बेंडूक म्हणजे बेडूक. कोणी हसलं नाही. साऱ्यांच्या मनात तेच होतं.

जोतं वर घ्यायचं म्हणजे आत भरण पाहिजे, आणि भरण म्हणजे मुरूम. खदान लांब. ट्रॅक्टरवाल्याच्या दाढीला हात लावावा तेव्हा तो दोन दिवसांनी एक खेप आणणार. आणि इथं घरासमोर, पन्नास पावलांवर, बरडी.

ते मीच बोललो. आता इतक्या वर्षांनी ते दुसऱ्या कोणाच्या नावावर घालता येणार नाही. माझ्या घराचं काम सुरू होतं, मिस्त्री दोरी लावत होता. मी म्हटलं, "मिस्त्री, एवढा मुरूम डोळ्यांसमोर पडलाय, आणि आपण खदान कसली शोधून राहिलो?"

तो बरडीकडे पाहत राहिला. हातातली दोरी सैल झाली. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारणार. पण तो हळूच म्हणाला, "एका ट्रॉलीनं काय होते." मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

एका ट्रॉलीनं कोणाचंच जोतं भरत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझ्या घराला किती लागल्या ते मी मोजलं नाही. त्यानंतर काकूचं घर झालं, मग मास्तरांचं, मग ओळीनं सगळ्यांचं. तीन उन्हाळे हे चाललं. त्या दिवसांत मिस्त्री फार खुशीत होता. सकाळी ओळंबा खिशात टाकून निघायचा, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी नव्या ओट्यावर बसून वीत टाकायचा. "पाच वीत. आता येऊ दे पानी." त्याच्या बोलण्यानं बायामाणसांना खरोखर धीर यायचा. माझ्या आईनं तर नव्या उंबरठ्याची पूजा झाल्यावर आधी त्याला जेवायला वाढलं, मग मला. बरडी झिजत चालली आहे हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. रोज सकाळी दार उघडलं की तीच समोर होती. पण आपलं घर वर गेलं की माणसाला समोरचं खाली गेलेलं बोचत नाही. निदान मला बोचलं नाही.

आमच्या ट्रॉल्यांनी बरडीवर चढायला चांगला रस्ता पाडून ठेवला होता. एका उन्हाळ्यात त्याच रस्त्यानं जेसीबी आला. त्याच्यामागे टिप्पर आले. कुठल्या तरी मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं, त्याला भरण पाहिजे होतं. ठेकेदाराजवळ कागद होता. नदीत साचलेला गाळ काढायचा, पात्र खोल करायचं, म्हणजे पूर येणार नाही, असं त्यात लिहिलेलं. बरडी गाळ कधीपासून झाली ते कोणी सांगेना. आम्ही तीन उन्हाळ्यांत जेवढं नेलं तेवढं ते यंत्र आठवड्यात नेऊ लागलं. त्यानं सुरुवात केली ओळीच्या शेवटच्या टोकापासून, म्हणजे मिस्त्रीच्या घरासमोरून. आमचा रस्ता तिथूनच चढत होता.

काकूनं ओट्यावर उभं राहून हिशोब सांगितला. "आतापावेतो पानी मागून आलं होतं. हे असंच खोदत राह्यले तं पावसायात नदी समोरून येईन. सारी ओळ उचलून नेईन." मास्तर होते, कंडक्टर होता, मी होतो. कोणाला त्यात चूक काढता आली नाही. पावसाला जेमतेम महिना होता. त्याच्या आत यंत्र थांबलं नाही तर आमचं काही खरं नव्हतं.

ग्रामसभा बोलावली. ठेकेदाराचा माणूस आला, पांढरा शर्ट, बोलायला गोड. सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाला, "तक्रार कराची तं करा ना काकाजी, तुमचा हक्क हाय. मंग साहेब येतीन. इथला मुरूम कोठी कोठी गेला ते पाहतीन. तुमच्या जोत्याईतबी पाहतीन."

आमच्यातला एकेक जण मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे पाहू लागला. ज्याच्या जोत्यात बरडी नाही असं त्या मंडपात एकच घर होतं, आणि त्याचा मालक मागे खांबाला टेकून बसला होता. तो उठला. "एक सांगतो," एवढंच म्हणाला. पांढऱ्या शर्टवाला हसला. "मिस्त्री, तुमी तं बसाच. उद्घाटन तुमीच केलं." चारदोन जण हसले. आमच्याच ओळीतले हसले, ते मला आजही आठवलं की डोकं फिरतं. मिस्त्री बसला. मी इतिवृत्तात लिहिलं, "सदर विषयावर चर्चा झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायला गेलो तर तो पायरीवर बसलेला. टोपी डोक्यावर, हात मांडीवर. वीत टाकत नव्हता.

"बाबू," तो म्हणाला, "अर्ज लिही."

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा बाबू म्हटलं.

"कोणाला लिहू?"

"तहसीलदाराले. लिही का हे लोक बरडी खोदून राह्यले, ते बंद करा. नाई तं आमची ओळ वाहून जाते."

"लिहितो. पण ते म्हणतील, आधी तुम्हीच खोदली."

"तेच तं पहिले लिहाचं हाय." त्यानं रात्रभर मनात घोळवलं असावं, कारण तो एका दमात बोलला. "लिही, का या ओळीच्या साऱ्या जोत्याईतला मुरूम म्या एकट्यानं बरडीतून आनला. घरवाल्याईले म्या सांगतलं का खदानीचा हाय. त्याईले काही मालूम नोहतं. जे काही हाय ते माह्यावर."

मी पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, हे खोटं आहे."

"अर्धं खोटं हाय. खोदलं तं म्याच ना?"

"बरडीतून आण असं मी सांगितलं होतं. पहिली ट्रॉली माझ्या घरात आहे."

"तुह्यी नोकरी हाय लेका. तुह्यी पोरगी शिकून राह्यली अमरावतीले. तुह्यं नाव आलं तं आंधीच तुले घरी बसवतीन, मंग पुढचं. मले कोन घरी बसवते? म्या तं बसूनच हाय." मग जरा चिडून, "चूप बस अन् लिही."

मी लिहिलं. त्याच्या शब्दांना सरकारी कपडे घातले, 'अवैध उत्खनन', 'सबब', 'विनंती', आणि शेवटी त्याचं पूर्ण नाव. लिहिता लिहिता एकदा हात थांबला. एक ओळ वाढवायची होती, माझ्या नावाची. नाही वाढवली. मी भ्यालो. त्याला दुसरा शब्द नाही. त्यानं अर्ज दोनदा वाचून घेतला, दुसऱ्या वेळेला डोळे मिटून ऐकला, आणि खाली एकेक अक्षर जुळवत सही केली. मग धुतलेला शर्ट घालून तो एसटीनं तालुक्याला गेला. मी त्याच्यासोबत जायला पाहिजे होतं. ऑफिसात काम आहे म्हणालो.

आठ दिवसांत चौकशीला माणसं आली. मंडळ अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. यंत्र पाहिलं, खड्डा पाहिला, टेप लावून मोजमाप घेतलं. तलाठी सुट्टीवर होते, म्हणून रजिस्टर धरून मी सोबत. मग त्यानं मिस्त्रीला बोलावलं. ओळीतला एकूण एक माणूस आपापल्या ओट्यावर उभा.

"अर्ज तुमचा?"

"हो साहेब."

"मग दाखवा. कोणत्या कोणत्या घरात भरलाय मुरूम?"

मिस्त्रीनं ओळीकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. कोणाच्या जोत्याचा कोणता कोपरा एक बोट बसलाय हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस. त्याची नजर माझ्या घरावरून गेली, काकूच्या घरावरून गेली, थांबली कुठंच नाही.

"साहेब, आठवत नाई."

"असं कसं? सगळी घरं तुम्हीच बांधली ना?"

"वय झालं साहेब. बम घरं बांधली. कोनतं कोनाचं, ध्यानात नाई राहत आता."

शेजारच्या ओट्यावर काकूनं पदर तोंडाला लावला. साहेबानं मिस्त्रीकडे पाहिलं, मग ओळीकडे. त्याला कळलं असेल, नसेल. त्यानं जबाब लिहून घेतला, सही घेतली. मी दोन हात अंतरावर उभा होतो, पण मिस्त्रीनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दोन दिवसांनी यंत्र थांबलं. टिप्पर जप्त झाले, नदीवर जायच्या रस्त्याला चर खोदला. उरलेली बरडी वाचली. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण काकूनं त्या दिवशी मिस्त्रीच्या घरी अख्खी टोपलीभर भाजी नेऊन टाकली.

त्यानंतर मिस्त्रीनं वीत टाकणं सोडलं. कोणाच्या घरी गेला की सरळ खुर्चीवर बसायचा, पाहुण्यासारखा. मला ते पाहवेना. एकदा मी मुद्दाम म्हटलं, अरे, माझ्या नव्या न्हाणीची पायरी मोज बरं. तर म्हणाला, "साहेबाले आठवत नाई म्हटलं ना? मंग आता आठवून कसं चालीन?" आणि हसला. त्याचे पुढचे दोन दात पडले होते हे मला तेव्हा दिसलं.

जिथून खोदायला सुरुवात झाली होती तिथलं भगदाड तसंच राहिलं. ते बुजवायचं पत्र मी लिहिलं, दोनदा लिहिलं. पाऊस पत्राची वाट पाहत नाही. श्रावणात नदी आली, बरडीला धडकली, आणि जिथं बरडी नव्हती तिथून आत शिरली. भगदाडासमोर पहिलं घर मिस्त्रीचं.

माणसं आधीच शाळेत हलवली होती, म्हणून जीव वाचले. सकाळी पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे परतलो. ओळीतल्या बाकी एकाही घरात पाणी गेलं नव्हतं. चिखलाची रेघ कोणाच्या तिसऱ्या पायरीवर, कोणाच्या चौथ्या. उंबरठे कोरडे. मिस्त्रीच्या घराच्या चारही भिंती बसल्या होत्या, टिनं बाभळीत अडकली होती. मावशी ढिगाऱ्यात हात घालून फळीवरची पिशवी शोधत होती. मिस्त्री आमची घरं पाहत आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका पायरीपाशी थांबत. शेवटी मला म्हणाला, "कोनाचंच नाई भिजलं ना?" मी नाही म्हणालो. तो "मंग ठीक हाय" म्हणाला आणि मावशीला मदत करायला गेला.

सगळ्यांनी मिळून त्याचं घर बांधून द्यायचं ठरवलं. मनापासून ठरवलं होतं, कोणी विटा देणार होतं, कोणी टिनं. तो ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "बांधान. पन जोत्यात भरण कायचं करान?" त्यानं चेष्टेत विचारलं होतं, पण नंतर तो विषयच पुढे सरकला नाही. आणि खरं सांगायचं तर आम्ही तो सरकवलाही नाही.

त्याची पोरगी अकोल्याला असते, दवाखान्यात नर्स आहे. ती येऊन दोघांना घेऊन गेली. एसटीत चढताना त्याच्या हातात एक सिमेंटची पोतडी होती, तिच्यात थापी, ओळंबा, गिलाव्याचा रंधा. पोरगी म्हणाली, बाबा, अकोल्याले काय करता याचं? तो म्हणाला, "असू दे."

मग फोन यायचे, दर पंधरा दिवसांनी. तब्येत, पाऊस, काकूची भाजी, सगळं विचारून झालं की शेवटी तेच. "माह्या नावाचं काही आलं का?"

"नाही आलं."

"आलं तं ठेवून घेजो. मी येतो सही कराले. तुमाले तरास नको."

थंडीत त्याच्या पोरीचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाली. काकू आणि दोन्ही मास्तर अकोल्याला गेले. मी गेलो नाही. ऑफिसात ऑडिट आहे असं सांगितलं. ऑडिट होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. मावशीसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. काकू परत आली ती माझ्या दारावरून तोंड फिरवून गेली. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

उन्हाळ्यात नोटीस आली. सरकारी कामाचा वेग तुम्हाला माहीत आहेच. अवैध उत्खननाबद्दल दंड का करू नये याचा खुलासा करावा, वर मिस्त्रीचं पूर्ण नाव, गावाचा पत्ता. कोतवालाची जागा रिकामी, म्हणून तलाठ्यांनी ती बजावायला माझ्या हातात दिली. "माणूस नाही ना गावात? मग घराच्या दर्शनी भिंतीवर डकवा, पंचनामा करा, दोन पंचांच्या सह्या घ्या, मोकळे व्हा." मी म्हटलं, माणूस वारला. ते म्हणाले, "मग तसं लिहा. पण डकवा. फाईलला लागतं."

बायकोला कणकेची खळ करायला सांगितली. खळीची वाटी आणि नोटीस घेऊन मी ओळीच्या शेवटी गेलो. दर्शनी भिंत म्हणजे काय, भिंतच नव्हती. तरवड उगवला होता, त्यात एक उंबरठ्याचा दगड पडलेला. खळ वाळायला लागली. मयत, घर अस्तित्वात नाही, नोटीस परत, एवढं लिहिलं असतं तर काम संपत होतं. फाईल बंद झाली असती, आणि अर्जातलं ते खोटं कायमचं खरं झालं असतं.

मी परत फिरलो. माझ्या घराच्या दारालगतच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, ती नोटीस डकवली. चारही कोपरे हातानं दाबले. बायको दारात आली, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पंचनाम्याला टेकायला पाट घेऊन आली.

मी ओट्यावर बसून लिहिलं. "नोटिशीत नमूद इसम मयत आहे. त्याच्या घराची भिंत शिल्लक नाही. सबब, बरडीतील मुरूम सर्वप्रथम ज्या घरासाठी नेला, व ज्या घराच्या मालकाने तो नेण्यास सांगितले, त्या घराच्या दर्शनी भिंतीवर सदर नोटीस डकवली आहे." खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, आणि हुद्दा.

तेवढ्यात काकू बाजारातून आली. रिकामी टोपली काखेत. भिंतीसमोर थांबली. "काय हाय हे?"

मी नोटीस वाचून दाखवली. मग पंचनामा वाचून दाखवला. ती ऐकत होती, टोपली खाली न ठेवता. मी म्हटलं, "काकू, पंच म्हणून सही पाहिजे."

तिनं टोपली ठेवली, हात लुगड्याला पुसले, ओट्यावर बसली आणि सही केली. मला वाटलं झालं. कागद घ्यायला मी हात पुढे केला, तर तिनं तो सोडला नाही.

"अन् दुसऱ्या ट्रॉलीचं?"

"काय दुसऱ्या?"

"दुसरी कोनाच्या घरी गेली, ते नाई लिहिलं तुनं."

तिनं कागद माझ्यासमोर ठेवला, पेन त्यावर ठेवलं.

"माह्या घरी गेली. लिही."